तुमचं बोचकं माझ्याकडे आहे, नाना

नाना, उद्या सकाळी साडेनऊला पोटाचा पहिला तास आहे आणि तो मला घ्यायचा आहे. पडदा वर जाण्याआधी मला कधी घाम फुटला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदा भर अंकात माझी चिकटवलेली मिशी सुटून तोंडात आली होती, तरी मी संवाद तोडला नव्हता. ती चघळत चघळत टाळी घेतली होती. तोच मी आज दुपारपासून पाच वेळा पाणी प्यायलो आणि एका बाईंची वरची दाढ दुखत असताना खालच्या दाढेवर आरसा धरून बसलो. त्या बिचाऱ्या बोटाने वर वर दाखवत होत्या, मला वाटलं पंखा वाढवायला सांगताहेत.

कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठे, शिक्षण कुठे, किती वर्षं सेवा, असा एक नमुनाही सोबत जोडला आहे. तो मी घडी करून खिशात ठेवला. तुमचा जन्म देवळ्याचा, हे तुमच्याशी एकदा भांडलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. भांडण तापलं की तुमच्या तोंडून 'आहे'चं अहिराणी 'शे' व्हायचं आणि समोरचा समजायचा, की आता माघार घेतलेली बरी.

मला एवढंच ठरवायचं आहे, नाना. उद्या त्या चाळीस पोरांसमोर मी माझी चूक सांगायची, की तुमच्यासारखा नुसता तास घ्यायचा? चूक काय, ते ओळीने सांगतो. तुम्हाला ती माहीतच आहे, आणि माझं नेमकं तेच दुखणं आहे.

आणीबाणीच्या वर्षात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून तुमच्या हाताखाली लागलो. मी दातांचा डॉक्टर, तुम्ही शरीररचनेचे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी रविवार कारंज्यावरचा माझा दवाखाना. डिसेक्शन हॉल तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवलात आणि मी चमकलो. टेबलांवर फक्त डोकी आणि माना होत्या. दातांच्या कॉलेजला तेवढंच पुरे म्हणून दूरच्या मेडिकल कॉलेजातून तेवढंच यायचं. आमच्याकडे माणूस गळ्याशी संपायचा. मी फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे पुसत म्हणालो, "बरं आहे, सर. आपलं काम इथवरच." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी उष्ट्या हाताने देव्हाऱ्याला शिवलो.

"गळ्याच्या खाली काय शे?" तुम्ही विचारलंत.

"कॉलर," मी म्हणालो.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते दहा-अकरा वर्षं चाललं.

खाली काय आहे ते दाखवायला तुमच्याकडे टेबलावर काही नव्हतं, म्हणून तुम्ही ते घरी करून घेतलंत. वहिनींच्या शिवणाच्या मशीनवर. जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं ते बोचकं काखेत मारून तुम्ही वर्गात यायचात, तेव्हा नवीन पोरांना वाटायचं की सर घडीचे कपडे घेऊन आलेत. मग तुम्ही गाठ सोडायचात. मरून मखमलीचं कापूस भरलेलं यकृत. गुलाबी फ्लॅनेलची, बाजूला बटण असलेली जठराची पिशवी, आणि तिला जोडलेली अन्ननलिका म्हणजे तुमच्याच जुन्या शर्टाची बाही. लहान आतडं सायकलच्या ट्यूबांचं, जोडून जोडून वीस फूट केलेलं. अपेंडिक्स हातमोज्याचं एक बोट. स्वादुपिंड म्हणजे भुसा भरलेला पायमोजा. हे सगळं एका पांढऱ्या धोतरात टिचबटणांनी अडकवलेलं, कारण पोटातलं आवरण कुठून कुठे दुमडतं हे धोतर नेसणाऱ्यालाच नीट कळतं, असं तुमचं म्हणणं होतं.

मोठ्या आतड्यापाशी आलात की तुमचा चेहरा खुलायचा. तो वहिनींच्या परकराचा कपडा. आतून तीन नाड्या ओवलेल्या. तुम्ही नाड्या ओढायचात आणि सगळ्या लांबीवर फुगीर चुण्या पडायच्या. "हे असं का दिसतं, ते आता कळलं? नाडी तोकडी, कापड लांब." पोरी लाजायच्या, पोरं खिदळायची आणि परीक्षेत कोणी ते चुकायचं नाही. वहिनींना मी एकदा म्हणालो, "वहिनी, तुम्हीच तास घ्या ना." त्या म्हणाल्या, "भावजी, स्वादुपिंड मी डोळे मिटून शिवते. पण तुमच्या नानांसारखं ओरडता येत नाही मला."

जठर संपून आतडं सुरू होतं त्या पहिल्या वळणावर, ट्यूबला जोडलेल्या पांढऱ्या कापडावर, लाल दोऱ्याचं एक छोटंसं रफू होतं. नखाएवढं. एकदा मी चिडवलं होतं, "नाना, वहिनींकडचा पांढरा दोरा संपला होता काय?" तुम्ही म्हणालात, "हां, संपला होता." मी हसलो आणि विसरलो. ते रफू तुम्ही लक्षात ठेवा, नाना. मी आता रोज बघतो.

तासाच्या शेवटी तुमचा एक ठरलेला खेळ असायचा. खिशातून लिमलेटची गोळी काढायची, पोरांना दाखवायची, बाहीच्या वरच्या तोंडातून आत सोडायची. गोळी घरंगळत जठरात. "तुम्ही दातासाठी गोळी लिहून द्याल. दाताला वाटेल, आपल्यासाठी आली. पण आधी ती इथे पडते. इथे काय चाललंय, ते विचारलं होतं का?" मग तुम्ही जठराचं बटण काढायचात, गोळी काढायचात आणि स्वतःच्या तोंडात टाकून वर्गाबाहेर पडायचात. नाटकात मीही इतकी चांगली एक्झिट कधी घेतली नाही.

मी काही गप्प बसणारा नव्हतो. स्नेहसंमेलनात मी एक प्रवेश बसवला होता. दातांचा डॉक्टर पेशंटला म्हणतो, "अजून मोठा आ करा, अजून मोठा, हां, आता बेंबी दिसली!" तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने हसलात. दुसऱ्या दिवशी मला बोलावून सायकलच्या वीस फूट ट्यूबा सोडवायला आणि पुन्हा गुंडाळायला लावलंत, का तर म्हणे गाठी पडल्यात. गाठी तुम्हीच मारल्या होतात, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं.

आणि मी सूड घेतला तो दिवस! तासाच्या आधी बोचकं सोडून मी सगळी टिचबटणं उलट लावली. यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, अपेंडिक्स डाव्या कुशीत. मागच्या बाकावर पोरांबरोबर बसून मी मजा बघायला तयार. तुम्ही गाठ सोडलीत. दोन क्षण पाहिलंत. चष्मा पुसलात. आणि म्हणालात, "फार क्वचित असा एखादा माणूस जन्माला येतो, की ज्याचं आतलं सगळं आरशात पाहिल्यासारखं उलट असतं. आज आपण त्याचं पोट पाहू." आणि तासभर, एकदाही न अडखळता, तुम्ही उलट्या माणसाचं पोट शिकवलंत. मग तुम्ही मला पुढे बोलावलंत. "आता आमचे डेमॉन्स्ट्रेटर सुलट माणसाचं पोट सांगतील." मी सुलट सांगायला गेलो आणि माझी डावी-उजवी बाजू अशी काही गोंधळली, की प्लीहा मी तीन ठिकाणी ठेवून पाहिली. पोरं बाकं बडवत होती. व्हरांड्यात येऊन तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "मध्या, नाटक माले बी येस."

हे सगळं मी इतक्या मजेत सांगतोय, कारण पुढचं सांगायला मला वेळ काढायचा आहे. वेळ काढण्यात मी पहिल्यापासून हुशार.

या वर्षीचं टाइमटेबल प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवलं. पोरांना मेणाचे दात कोरायला वेळ पुरत नव्हता, हे खरंच होतं. मी पोटाचे आठ तास कापून तीन केले. मीटिंगमध्ये ते वाचून दाखवतानाही मला आवाज फिरवल्याशिवाय राहवेना. "दातवाल्यांना पोट कशाला?" मी टेबलावर हात आपटून म्हणालो. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

"तीन तासांत पोट?" तुम्ही म्हणालात. "अरे, नीट जेवायलाच तेवढा वेळ लागतो."

"मग सर, जेवणाच्या सुट्टीत घ्या ना!" मी म्हणालो. त्यावरही हशा. तुम्ही चष्मा खिशात ठेवलात आणि उठून गेलात. पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी फक्त "हजेरीपुस्तक" आणि "किल्ली" एवढे दोनच शब्द बोललात.

आणि मग सोमवारी संध्याकाळी तुम्ही माझ्या दवाखान्यात उभे राहिलात. गालाला हात. मला इतका आनंद झाला, की मी बाहेर बसलेल्या दोन पेशंटांना थांबवून तुम्हाला आधी आत घेतलं.

"नाना! इतक्या वर्षांत माझ्यापुढे आ करायची वेळ आली तर!"

"इच्छा नव्हती. दुसऱ्या डॉक्टरकडे गर्दी होती."

डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ. मुळाशी सूज. मी आरसा आत घातला आणि तोंड उघडलेल्या माणसाला बोलता येत नाही या गोष्टीचा जितका फायदा घेता येईल तितका घेतला. टाइमटेबल कसं योग्य आहे ते सांगितलं. पोरं मला कशी दुवा देताहेत ते सांगितलं. वर, "इथून काही जठर दिसत नाही बुवा," असंही म्हणालो. तुमचे डोळे माझ्यावर होते. मला वाटलं, तुम्ही चिडलात. मला फार मजा आली.

सूज उतरेपर्यंत दाढ काढता येणार नव्हती. मी दुखण्याच्या आणि सुजेच्या गोळ्या पुडीत बांधल्या. पुडीवर लिहिलं, "नाना. दिवसातून तीन वेळा." गुरुवारी या म्हणालो. तुम्ही चूळ भरलीत, रुमालाने तोंड पुसलंत आणि खुर्चीतून न उठता विचारलंत,

"आणखी काही विचारायचंय तुला?"

"हो," मी म्हणालो. "तीन तास पुरतील ना?"

तुम्ही पुडी खिशात घातलीत. "तुला पुरतील," म्हणालात आणि जिना उतरलात. मी खिडकीतून पाहिलं. कारंज्यापाशी तुम्ही क्षणभर थांबलात, रिक्षाला हात केलात आणि गेलात. ते मला दिसलेलं तुमचं शेवटचं चालणं.

गुरुवारी तुम्ही आला नाहीत. मी म्हणालो, म्हातारा अजून रुसलाय. फोन केला नाही. मुद्दाम केला नाही, नाना, हेही आता लिहून टाकतो. शुक्रवारी दुपारी तुमच्या पुतण्याचा निरोप आला, की रक्ताची उलटी झाली, हॉस्पिटलात हलवलंय. मी स्कूटर काढली. मी पोचलो तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या, हातात तुमचा चष्मा. तासाभराने तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की आतड्याच्या पहिल्या वळणावरच्या जुन्या व्रणातून रक्त गेलं, फार गेलं, आणि तुम्हाला वाचवता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या वगैरे घेत होते का? त्यांनी असा व्रण चिघळतो."

"नाही," वहिनी म्हणाल्या.

मी शेजारी उभा होतो. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी खाली वाकून ती बांधली. इतकी सावकाश मी आयुष्यात कधी नाडी बांधली नसेल. वर आलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट दिसत होती. बाहीतून घरंगळत जाणारी गोळी. तुम्ही ती दहा वर्षं माझ्यासमोर सोडलीत, दर वर्षी मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या, आणि वेळ आली तेव्हा मी तुमच्या बाहीत खऱ्या गोळ्या सोडल्या. इथे काय चाललंय, ते विचारलं नाही. तुमच्या दारात लोक यायचे, मला म्हणायचे, "तुमचा फार जीव होता हो त्यांच्यावर." मी मान हलवायचो. खांदा द्यायला मी पुढे होतो. दहाव्याला घाटावर मी होतो. लोकांना माझ्या डोळ्यांत पाणी दिसायचं, आणि मला भीती वाटायची की कोणीतरी त्यातलं बाकीचंही ओळखेल. वहिनींना माहीत नसणार, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही औषधाचं घरी कधी सांगणारे नव्हतात. म्हणजे ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक गेला. मला सुटल्यासारखं वाटत होतं, नाना, आणि त्याची इतकी लाज वाटत होती, की जेवण घशाखाली उतरत नव्हतं.

तेरावं झालं. प्राचार्यांनी पोटाचे तास माझ्याकडे दिले. बोचकं आणायला मी गंगापूर रोडला तुमच्या घरी गेलो. वहिनी मशीनपाशी बसल्या होत्या, शिवत काही नव्हत्या. मी बोचकं मागितलं आणि ते मागता मागता माझा आवाज गेला. माझा, नाना! शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज.

"वहिनी, नानांना गोळ्या मी दिल्या होत्या."

"हो."

"दाढेसाठी. सोमवारी. मी त्यांना पोटाचं विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो."

"बघितलं मी," वहिनी म्हणाल्या. "नाडी बांधत होतात."

त्या उठल्या. कपाटावरून बोचकं काढलं, पलंगावर ठेवून गाठ सोडली, आणि जठराचं बटण काढलं. आत हात घालून त्यांनी पुडी काढली. माझ्या अक्षरातली. "नाना. दिवसातून तीन वेळा." त्यांनी ती उघडून माझ्या हातात दिली. सगळ्या गोळ्या होत्या. एकही कमी नव्हती.

मला आधी काही कळलंच नाही. वहिनी लाल रफूवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे त्यांचं दुखणं. बारा वर्षं झाली. दूध, वेळेवर जेवण, तिखट बंद. कोणाला सांगायचं नाही म्हणे. मात्र या चिंधीवर माझ्याकडून लाल दोऱ्याने शिवून घेतलं. त्यांना असल्या गोळ्या चालतच नव्हत्या. तुम्ही विचारता का, ते बघायला खुर्चीत बसून राहिले होते."

"आणि?"

"घरी आले ते हसतच. म्हणाले, मध्या नापास. लवंग चावत बसले मग. मी म्हटलं, अहो, दुखतंय तर परत जा, सांगा त्याला. तर म्हणे, नाही, पुडी तासाला काढणार. लिमलेटच्या ऐवजी. सगळ्या पोरांसमोर मध्याची चांगली जिरवतो आणि पाच तास परत घेतो."

मी खाली बसलो. हसू आलं, नाना. खरंच आलं. तुमच्या डोळ्यांतली ती चमक मला दिसली. वहिनीही हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "मंगळवारपासून चक्कर येते, उन्हाची असेल, म्हणत होते," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "शौचाला काळं होत होतं, ते लपवलं; उलटी झाल्यावर बोलले. स्वतः पोट शिकवणारा माणूस!"

म्हणून मी तुमच्यावर रागावलो आहे, आणि ते आज सांगून टाकतो. मी नापास, कबूल. पण परीक्षकाने निकाल तरी सांगायचा असतो! इतकी वर्षं तुम्ही तुमचा व्रण आमच्या नाकासमोर टेबलावर मांडलात आणि कोणी ओळखतं का ते पाहत बसलात. मी ओळखला नाही. तुम्ही सांगितला नाहीत. काळं म्हणजे आत रक्त जातंय; ते दिसलं त्या दिवशी रिक्षा करून डॉक्टरकडे जायचं सोडून तुम्ही माझी जिरवायचा बेत आखत बसलात. आपल्या दोघांत नापास कोण, हे भांडायला तरी थांबायचं होतंत.

माझ्या गोळ्यांनी तुम्ही गेला नाहीत, हे कळलं तेव्हा वाटलं, आता जेवण जाईल. गेलं नाही. सोमवारी मी खुर्चीशेजारी उभं राहून, "नाना, पोटाचं काय?" एवढं विचारलं असतं, तर तुम्ही खूश झाला असतात. खुशीत सगळं बोलला असतात. मंगळवारी चक्कर आली असती तेव्हा मला ठाऊक असतं की ती उन्हाची नाही. मी तुम्हाला ओढत नेलं असतं, तुम्ही अहिराणीत शिव्या घालत आला असतात. असतं, असतात. मला नक्की माहीत नाही, आणि ते आता सांगणारं कोणी नाही.

तेव्हा उद्या काय करू? पुडी काढली, तर पोरं मला काय म्हणतील? त्यांना त्यांचा नाटक्या सर आवडतो. लिमलेटही आणून ठेवली आहे. बाहीत लिमलेट सोडायची, बटण काढायचं, खायची, बाहेर पडायचं. लोक म्हणतील, नानांची परंपरा चालवली. किती सोपं आहे.

*

काल इथवर लिहून थांबलो होतो. आज तास झाला.

गाठ मला सुटेना. पोरांना वाटलं मी नाटक करतोय, ती हसली. शेवटी पहिल्या बाकावरची, घोटीहून येणारी मुलगी पुढे आली आणि तिने सोडून दिली. मी शिकवलं. तुमच्यासारखं नाही. प्लीहा मात्र एकाच ठिकाणी ठेवली. नाड्या ओढल्या, चुण्या पडल्या, पोरी लाजल्या. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा माझा हात खिशात गेला. एका खिशात लिमलेट होती, दुसऱ्यात पुडी.

मी पुडी काढली.

सगळं सांगितलं, नाना. खुर्ची, आरसा, "जठर दिसत नाही बुवा" हा विनोद. तो विनोद सांगताना काही पोरं हसली, आणि पुढचं ऐकल्यावर त्यांचे चेहरे असे झाले, की मला वर्गातून पळून जावंसं वाटलं. बुटाची नाडीसुद्धा सांगितली. लाल रफू हातोहात सगळ्यांना दाखवलं. ती चिंधी बाकांवरून फिरून परत माझ्या हातात आली.

घोटीच्या मुलीने हात वर केला. "सर, पण नानासरांनी स्वतःहून का नाही सांगितलं? त्यांना तर सगळं कळत होतं."

मी काहीतरी चमकदार बोलणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. "माहीत नाही," मी म्हणालो. "माझ्या खुर्चीत ते पेशंट होते. मला ते दिसलंच नाही. मी भांडणात जिंकत होतो."

त्यानंतर मला टाळीही मिळाली नाही आणि एक्झिटही जमली नाही. पोरं उभी राहिली आणि मी टिचबटणं लावत बसलो. तिथून तसाच प्राचार्यांकडे गेलो आणि काढलेले पाच तास परत मागितले. ते म्हणाले, "टाइमटेबल तुम्हीच केलंत ना?" मी म्हणालो, "हो, चुकलं." बघू म्हणाले. मी रोज विचारणार आहे.

संध्याकाळी दवाखान्यात सटाण्याकडचे एक शेतकरी आले, सोबत बायको. उजवा गाल टम्म. मी आरसा घालून दाढ पाहिली. मुळाशी सूज. गोळ्यांच्या बाटलीकडे हात गेला आणि मधेच थांबला.

"पोटाला काही त्रास होतो का, काका?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "डाक्टर, दाढ दुखी ऱ्हायनी. पोट नही."

"हो, दाढ बघितली मी. तरी सांगा."

ते छताकडे बघायला लागले. मला वाटलं, हेही सांगणार नाहीत. तेवढ्यात दाराशी बसलेली बायको म्हणाली, "सांगा ना! रोज सोडा खातस हो ते. पोट जळस म्हनीसन. वरीस झायं."

"मग कोणाला दाखवलं नाही?"

"कोनी इचारंच नही," काका म्हणाले.

मी आरसा ट्रेमध्ये ठेवला, स्टूल त्यांच्या खुर्चीजवळ ओढलं आणि बसलो. म्हणालो, "मी विचारतोय."